पीण्याची कुपी, रक्ताची बाटली

निर्जंतुक इंजेक्शनं भरणाऱ्या कारखान्यात वर्षातून दोनदा औषधाऐवजी सूप भरतात. सोयाबीन आणि दुधातलं केसिन यांच्यापासून केलेलं, फिकट पिवळं, आरपार दिसणारं सूप. यंत्र तेच, माणसं तीच, पाळीही तीच. कुपीत पडणारी भुकटी मात्र औषधाची नसते, निर्जंतुक लॅक्टोजची असते. त्यावर हे सूप, मग रबरी बूच, वर ॲल्युमिनियमची टोपी. अशा हजारो कुप्या चौदा दिवस उबेत ठेवायच्या आणि मग एकेक उचलून उजेडासमोर धरायची. सगळ्या स्वच्छ निघाल्या तर लाइन पास. एक जरी गढूळ निघाली तर कुठून तरी जंतू शिरला, असा सरळ अर्थ. मग चौकशी: कोणाचा हातमोजा फाटला, कोण यंत्रावर वाकलं, कुठला फिल्टर गळला. या परीक्षेला ‘मीडिया फिल’ म्हणतात आणि औषधधंद्यात तिला कोणी हलक्यात घेत नाही.

हेच सूप रुग्णालयातही असतं, ब्लड कल्चरच्या बाटलीत. ताप उतरत नसलेल्या माणसाच्या हातातून आठ-दहा मिलिलिटर रक्त काढून त्या बाटलीत सोडतात आणि बाटली यंत्रात ठेवतात. यंत्र दर दहा मिनिटांनी तिचा तळ तपासतं. रक्तात जंतू असतील तर ते सूप खाऊन वाढतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, तळाच्या सेन्सरचा रंग पालटतो आणि यंत्र ओरडतं. पाच दिवसांत ओरडलं नाही तर बाटली निगेटिव्ह.

कारखान्यात जंतू निघाला तर लाइन थांबते. रक्तात जंतू निघाला तर बहुतेक वेळा एका रुग्णाच्या फायलीत एक कागद लागतो आणि गोष्ट तिथेच मिटते. त्या कागदांची बेरीज कोण करतं, कशी करतं आणि कोणाचे कागद त्या बेरजेत कधी येतच नाहीत, हे पाहायला बेंगळुरूचं पीण्या औद्योगिक क्षेत्र चांगली जागा आहे. कारण जी इंजेक्शनं चालतात की नाही हा सगळा प्रश्न आहे, तसली इंजेक्शनं तिथे भरली जातात. आणि ती भरणाऱ्या तिथल्या एका कारखान्याचं माहेर आपल्या पिंपरीत आहे.

मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गाची मेट्रो धरली की ती यशवंतपूर ओलांडून तुमकुरू रस्त्याच्या डोक्यावरून जाते. पुढे एकाच नावाची दोन स्थानकं लागतात, पीण्या आणि पीण्या इंडस्ट्री. सत्तरच्या दशकात इथे कारखान्यांसाठी भूखंड पाडले गेले. आज खाली पाहिलं तर पत्र्याच्या छपरांचा अंत लागत नाही. लेथ, मिलिंग, प्रेस, पावडर कोटिंग, इलेक्ट्रोप्लेटिंग, तयार कपड्यांचे कारखाने. शिफ्ट सुटताना बायकांचे जथेच्या जथे रस्त्यावर येतात. याच भागात इस्रोचं ‘इस्ट्रॅक’ आहे. ऑगस्ट २०२३मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा सगळा देश ज्या नियंत्रण कक्षाकडे टक लावून होता, तो इथला. प्लेटिंगच्या कारखान्यांमुळे इथल्या भूजलात क्रोमियम उतरलं, ही पीण्याची दुसरी आणि कमी मिरवली जाणारी ओळख.

याच वसाहतीत कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड, म्हणजे केएपीएल.

पिंपरीत ‘एचए’ म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिन निघू लागलं. यंत्रं युनिसेफची, तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेची, आणि देशातला सरकारी मालकीचा हा पहिला औषध कारखाना. नुसतं पेनिसिलिन काढून एचए थांबली नाही. तिथल्या एम. जे. तिरुमलाचार यांच्या प्रयोगशाळेने हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. पुढे एचएने राज्य सरकारांच्या महामंडळांशी भागीदारी करून ठिकठिकाणी कंपन्या काढल्या. नागपुरात महाराष्ट्र अँटिबायोटिक्स, इम्फाळला मणिपूर स्टेट ड्रग्ज आणि कर्नाटकात ही केएपीएल. नागपूरची बंद पडली, मणिपूरची बंद पडली, खुद्द पिंपरीची नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली. पीण्याला दिलेली लेक तेवढी नांदली. १९८१ साली नोंदणी, १९८४पासून उत्पादन, पुढे मिनिरत्न दर्जा. आज तिचे सुमारे ५९ टक्के भाग केंद्र सरकारचे आणि बाकीचे कर्नाटकच्या औद्योगिक विकास महामंडळाचे. निर्गुंतवणुकीच्या यादीत तिचं नाव येऊन गेलं, तरी कारखाना चालू आहे.

तिचं मोठं गिऱ्हाईक सरकारच: राज्यांची आरोग्य खाती, सैन्यदल, रेल्वे, ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजना. २०१३मध्ये केंद्राने १०३ औषधं सरकारी औषध कंपन्यांकडूनच घ्यावीत असं खरेदी धोरण आणलं, त्याचा आधार झाला. म्हणजे पीण्यात भरलेली कुपी अखेर पोचते ती सरकारी वॉर्डातल्या खाटेपाशी. औषध दुकानाच्या काचेमागे ती फारशी दिसत नाही.

कुपी भरण्याचं काम पाहण्यासारखं असतं. अँटिबायोटिकची भुकटी निर्जंतुक अवस्थेतच येते, कारण सेफ्ट्रियाक्सोनसारखं औषध पाण्यात विरघळवून ठेवलं तर काही दिवसांत बिघडतं. म्हणून कोरडं भरायचं आणि नर्सने ऐनवेळी पाणी घालायचं. कुप्या धुऊन अडीचशे-तीनशे अंश तापलेल्या बोगद्यातून जातात, तिथे जंतूच काय, त्यांचे विषारी अवशेषही जळतात. पुढे एक भोकाभोकांचं चाक फिरत असतं. निर्वात दाबाने भोकात भुकटी ओढली जाते, अर्धा फेरा झाला की हवेच्या फुंकरीने ती बरोबर खालच्या कुपीत पडते. आजूबाजूची माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली आणि मुद्दाम संथ हालणारी, कारण घाईने हात फिरवला तर हवा ढवळते. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन यांची दारं, हवा आणि माणसं वेगळी ठेवावी लागतात. पेनिसिलिनचा कण चुकून दुसऱ्या औषधात गेला तर ॲलर्जी असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

शेवटी लेबल. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत. त्या नंबरवरून भुकटीचा पिंप, त्या दिवशीची पाळी, तपासणीचे कागद सगळं मागे शोधता येतं. औषधाचा हिशोब असा चोख आहे. कुपी शिरेत गेल्यावर काय झालं याचा हिशोब ठेवायला मात्र वेगळीच वही लागते, आणि ती वही भारतात अजून अर्धी भरलेली आहे.

या वहीचं पहिलं पान एका काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या थाळीत लिहिलं जातं. यंत्र ओरडलं की तंत्रज्ञ बाटलीतला थेंब थाळीवर पसरतो, दुसऱ्या दिवशी जंतूंच्या वसाहती दिसतात, जंतूचं नाव ठरतं. मग खरी परीक्षा. त्या जंतूंचा ठरावीक गढूळपणाचा द्राव करायचा, कापसाची काडी त्यात बुडवून म्युलर-हिंटन अगारच्या थाळीवर फिरवायची. एकदा फिरवली की थाळी थोडी वळवायची, पुन्हा फिरवायची, पुन्हा वळवायची, म्हणजे हिरवळीसारखा सारखा थर बसतो. अगारची जाडी चार मिलिमीटर, कमी-जास्त झाली तर उत्तर चुकतं. त्यावर चिमट्याने कागदाच्या चकत्या ठेवायच्या. एक चकती सहा मिलिमीटरची, पूर्वी हाताने पंच करायच्या तिकिटातून पडायचा तेवढा तुकडा. सेफ्ट्रियाक्सोनच्या चकतीत औषध असतं तीस मायक्रोग्रॅम. पीण्यासारख्या कारखान्यातून निघणाऱ्या एक ग्रॅमच्या कुपीतलं औषध वाटायचं म्हटलं तर अशा तेहतीस हजारांवर चकत्या होतील. या चकत्या आणि अगार बनवण्यात वारके बंधूंनी उभारलेल्या मुंबईच्या हायमीडियाचं नाव जगभर आहे. देशातल्या असंख्य प्रयोगशाळा तिच्या डब्यांवर चालतात.

सोळा-अठरा तासांनी थाळी उलटी धरून पट्टी लावतात. औषध लागू असेल तर चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडलेलं असतं. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायच्या घराण्यासाठी सेफ्ट्रियाक्सोनचं वर्तुळ २३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर औषध चालेल, १९ किंवा कमी असेल तर चालणार नाही. चार मिलिमीटरचा हा फरक म्हणजे रिपोर्टवरच्या ‘एस’ आणि ‘आर’ या अक्षरांमधलं अंतर. अनेकदा तर वर्तुळ पडतच नाही, चकतीच्या कडेपर्यंत हिरवळ जशीच्या तशी.

एका रुग्णापुरती ही माहिती डॉक्टरला पुरते. गावाला, शहराला, देशाला कळायचं तर अशा हजारो थाळ्यांची बेरीज लागते, आणि बेरजेत काय धरायचं हे आधी ठरवावं लागतं. घशात, आतड्यात, कातडीवर जंतू असतातच. ते तिथे वस्तीला असतात, त्यांना मोजून फारसं हाती लागत नाही. पण रक्त आणि मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी यांत जंतू मुळीच असायला नकोत. तिथे सापडला तो घुसखोर. म्हणून जगभरचे जाणते आरोग्य विभाग प्रामुख्याने घुसखोर संसर्ग मोजतात, कारण त्यात ‘हा जंतू खरा की वाटेत चिकटलेला’ हा वाद कमीत कमी राहतो. युरोपात १९९८ साली सुरू झालेलं जाळं फक्त रक्त आणि मेंदूभोवतीच्या पाण्यातले जंतू धरतं. अमेरिकेचं १९९५पासूनचं सक्रिय पाहणीचं जाळं आणखी एक पायरी पुढे जातं. ते रुग्णालयं निवडत नाही, भूभाग निवडतं. त्या भूभागातली एकूण एक प्रयोगशाळा धुंडाळून ठरावीक जंतूंचा प्रत्येक घुसखोर संसर्ग नोंदतं. त्यामुळे तिथे ‘लाख लोकांमागे किती’ असं म्हणता येतं.

भारतात असं अजून कुठल्याच शहरात म्हणता येत नाही. मोजणीच होत नाही असं मात्र नाही, आणि हा मुद्दा अनेक लेखांत सोयीस्करपणे गाळला जातो.

२०१०च्या मार्चमध्ये भारतीय डॉक्टरांच्या जेएपीआय या नियतकालिकात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून एक छोटा निबंध आला. पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी २००९च्या उत्तरार्धातले २४ जंतू तपासले होते, जे कार्बापेनेम या राखीव समजल्या जाणाऱ्या औषधांनाही दाद देत नव्हते. त्यातल्या २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ हे जनुक निघालं. हे जनुक २००८ साली स्वीडनमधल्या एका रुग्णात पहिल्यांदा सापडलं होतं. तो माणूस दिल्लीत उपचार घेऊन गेलेला, म्हणून नावात नवी दिल्ली. ऑगस्ट २०१०मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोग नियतकालिकात मोठा आंतरराष्ट्रीय निबंध आला आणि मग संसदेपासून वाहिन्यांपर्यंत गदारोळ उठला. गदारोळ नावावरून. मुंबईच्या प्रयोगशाळेने पाच महिने आधी दिलेल्या आकड्यावर इतकी चर्चा झाली असती तर बरं झालं असतं.

त्या धक्क्यातून दोन सरकारी जाळी उभी राहिली. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, जाळं २०१३पासून मोठ्या रुग्णालयांमधून थाळ्यांचे निकाल गोळा करतं. महाराष्ट्रातून हिंदुजा, सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, पुण्याचं सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था त्यात आहेत, कर्नाटकातून मणिपाल. दुसरं जाळं दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं. ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांवर भर देतं, पुण्याचं बी. जे. आणि म्हैसूरचं महाविद्यालय त्यात आहेत. तिथली नोंद ‘हूनेट’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होते. हे सॉफ्टवेअर बॉस्टनमध्ये जॉन स्टेलिंग यांनी १९८९पासून वाढवलं आणि जगातल्या कितीतरी गरीब देशांची मोजणी त्याच्यावर उभी आहे. संगणक साधा चालतो, इंटरनेट नसलं तरी चालतं. फक्त रोज संध्याकाळी बसून आकडे भरणारं माणूस लागतं.

आयसीएमआरच्या २०२३च्या अहवालात ९९,४९२ जंतूंचा हिशोब आहे. इमिपेनेम हे कार्बापेनेम गटातलं औषध २०१७ साली ई. कोलायच्या ८१ टक्के नमुन्यांवर चालत होतं, २०२३ साली ६२.७ टक्क्यांवर. क्लेबसिएला न्यूमोनिए या जंतूवर ५८.५ टक्क्यांवरून ३५.६. अतिदक्षता विभागात ठाण मांडणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरचे ९१ टक्के नमुने मेरोपेनेमला बधत नव्हते. सहा वर्षांत वीसेक अंकांची घसरण म्हणजे चेष्टा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानेही भारत ज्यात मोडतो त्या आग्नेय आशिया विभागात दर तीन संसर्गांमागे एक प्रतिरोधी असल्याचं म्हटलं आहे, जगभराची सरासरी सहामागे एक.

पण या आकड्यांना एक अडचण आहे आणि ती आयसीएमआरने स्वतःच अहवालात मांडली आहे. नमुने मोठ्या रुग्णालयांतले आहेत. तिथे माणूस पोचतो तो दोन-तीन ठिकाणी औषधं घेऊन, कधी दुसऱ्या रुग्णालयातून हलवला जाऊन. अशा माणसाच्या रक्तातला जंतू आधीच चार औषधं पचवून बसलेला असतो. त्यामुळे ३५.६ टक्के हा आकडा खोटा नाही, पण पीण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या गल्लीत ताप येऊन पडलेल्या फिटरला तो लागू पडतो का, हे कोणालाच सांगता येत नाही. खरा आकडा बरा असेल किंवा तितकाच वाईट असेल.

त्या फिटरचा ताप कुठे जातो ते पाहू. आधी तो दुखणं अंगावर काढतो, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. मग नाक्यावरच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या, मग गल्लीतला दवाखाना, तिथे एक सुई. पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल आणि मालकाने नोंदणी केली असेल तर ईएसआयचं कार्ड असतं. पीण्यात ईएसआयचं रुग्णालय आहे, राजाजीनगरला वैद्यकीय महाविद्यालयही. तिथे पोचेपर्यंत पोटात तीन प्रकारची अँटिबायोटिक्स गेलेली. आता रक्त काढून सुपात सोडलं तरी जंतू अर्धमेला, बाटली पाच दिवस गप्प. रिपोर्ट ‘नो ग्रोथ’. खाजगीत गेला तर कल्चरचा खर्च पदरमोड करून, म्हणून डॉक्टरही ते लिहायला कचरतो आणि सरळ भारी औषध सुरू करतो. बरा झाला तर प्रश्न मिटला. गेला तर दाखल्यावर न्यूमोनिया किंवा सेप्टिक शॉक. दोन्हींत थाळी मांडलीच गेली नाही, त्यामुळे तो कोणाच्याच बेरजेत नाही. ज्या वसाहतीत देशासाठी लाखो कुप्या भरल्या जातात, तिथल्या कामगाराच्या रक्तात त्या कुप्या चालतात की नाही याची नोंद नाही, हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात खटकणारं सत्य आहे.

नियम आहेत. शेड्यूल एच-१ प्रमाणे राखीव अँटिबायोटिक विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि मात्रा दुकानदाराने वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची आहे, पाकिटावर लाल चौकटही हवी. हा नियम १ मार्च २०१४ला लागू झाला. योगायोग असा की पीण्याची मेट्रो लोकांसाठी खुली झाली तीही त्याच दिवशी. मेट्रो वेळेवर धावते.

मोजण्याने होतं तरी काय, असा प्रश्न कंटाळलेला वाचक विचारील. त्याला न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूची गोष्ट सांगावी. १९९३ ते १९९७ या काळात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या सहा रुग्णालयांनी घुसखोर न्यूमोकोकस मोजला. आयबिस नावाच्या या पाहणीत ३१४ जंतू हाती लागले, निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेटमध्ये आले. तेव्हा खेड्यापाड्यांत न्यूमोनियावर सर्रास दिलं जाणारं को-ट्रायमॉक्साझोल ५६ टक्के जंतूंवर चालत नव्हतं, पेनिसिलिन मात्र जवळजवळ सगळ्यांवर चालत होतं. आणखी महत्त्वाचं म्हणजे जंतूचे कोणते उपप्रकार भारतीय मुलांचा जीव घेतात हे कळलं. १ आणि ५ या क्रमांकांचे उपप्रकार आपल्याकडे फार होते, आणि अमेरिकेत आलेल्या पहिल्या लशीत ते दोन्ही नव्हते. पुढे बेंगळुरूसह अनेक शहरांतल्या पाहण्यांनी यादी पक्की होत गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० साली आणलेल्या न्यूमोसिल या दहा उपप्रकारांच्या लशीत १ आणि ५ दोन्ही आहेत. न्यूमोकोकसची लस २०२१पासून देशभर बाळांना फुकट दिली जाते. ३१४ थाळ्यांपासून निघालेली वाट दीड-दोन तपांनी अंगणवाडीच्या दारात पोचली.

पीण्यातून शहर ओलांडून दक्षिणेला बनशंकरीत आलं की केम्पेगौडा आयुर्विज्ञान संस्थेची मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळा लागते. डॉ. के. एल. रविकुमार यांच्या नेतृत्वाखाली इथे आधी न्यूमोकोकसचे उपप्रकार ओळखले जात, पुढे काम जनुकांपर्यंत गेलं. ब्रिटनच्या निधीवर कोलंबिया, भारत, नायजेरिया आणि फिलिपिन्स या चार देशांत प्रतिरोधी जंतूंच्या संपूर्ण जनुकक्रमावर पाळत ठेवणारा प्रकल्प उभा राहिला, त्याचं भारतातलं केंद्र ही प्रयोगशाळा.

थाळी सांगते की औषध चालत नाही. जनुकक्रम सांगतो की का चालत नाही आणि हा जंतू कोणाचा नातेवाईक. आयसीयूत एकाच आठवड्यात तिघांना क्लेबसिएला निघाला, तिघांच्याही रिपोर्टवर ‘आर’च्या रांगा. तो तिघांनी तीन घरांतून आणला, की एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेला? थाळीवरून दोन्ही सारखेच दिसतात. जनुकक्रमात मात्र घराणं उघडं पडतं. देशातल्या अनेक रुग्णालयांमधून गोळा केलेल्या कार्बापेनेमला न बधणाऱ्या क्लेबसिएलाचा या प्रयोगशाळेने अभ्यास केला, तो २०२१मध्ये छापून आला. त्यात एसटी-२३१ नावाचं घराणं ठळकपणे पुढे आलं, बरोबर ऑक्सा-२३२ हे औषध फोडणारं एन्झाइम घेऊन. त्या एन्झाइमचं जनुक एका चिमुकल्या वर्तुळाकार डीएनएवर असतं आणि त्याच्यासोबत जंतूपासून जंतूकडे जाऊ शकतं. वाचणाऱ्याला ही नावं रुक्ष वाटतील, पण रुग्णालयाला यातून नेमकं काम मिळतं. घराणं एकच निघालं तर औषध बदलून भागत नाही. नळ, सिंक, व्हेंटिलेटरच्या नळ्या आणि माणसांचे हात तपासावे लागतात.

जंतू औषधांना सरावतात कुठे, या चर्चेत कारखान्यांच्या सांडपाण्याचाही मुद्दा वेळोवेळी निघतो. जानेवारी २०२०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिकचा अंश किती चालेल याच्या मर्यादांचा मसुदा काढला होता, शंभरावर औषधांसाठी. २०२१च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गळाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये स्वतःची मार्गदर्शिका काढली, ती ऐच्छिक आहे.

मोजणीत दक्षिणेतलं एक राज्य मात्र पुढे आहे. केरळने २०१८मध्ये स्वतःचा कृती आराखडा केला आणि जिल्ह्यांतल्या लहान रुग्णालयांच्या थाळ्या मोठ्या केंद्रांना जोडून राज्याचा वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली. डॉक्टरला आपल्या भागात कोणतं औषध चालतं हे त्यातून कळतं. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने आपला दुसरा राष्ट्रीय आराखडा २०२९पर्यंतचा जाहीर केला आहे. त्यात पीण्यासारख्या एखाद्या वसाहतीचा भूभाग धरून, तिथल्या ईएसआयपासून गल्लीतल्या नर्सिंग होमपर्यंत सगळ्या प्रयोगशाळा एका वहीत आणल्या तर मोजणीची सुरुवात खऱ्या अर्थाने होईल. कामगारांची नोंद ईएसआयकडे आहे, म्हणजे छेद कोणता धरायचा, किती लोकांमागे मोजायचं, हा भारतातला नेहमीचा अडसरही इथे निम्म्याने सुटलेला आहे. लागतात त्या बाटल्या, थाळ्या आणि संध्याकाळी आकडे भरणारं माणूस.

तोवर वाचकाने करण्यासारखी गोष्ट एक आहे. घरातल्या कोणाला ताप येऊन भरती करायची वेळ आली आणि शिरेतून अँटिबायोटिक लावायचं ठरलं, तर पहिली कुपी चढण्याआधी डॉक्टरांना विचारा, “ब्लड कल्चर घेतलं का?” त्यासाठी औषध थांबवायचं नसतं, रक्त काढायला पाच मिनिटं लागतात. आणि रिपोर्ट आला की डिस्चार्ज कार्डाबरोबर फाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या आजारात नवीन डॉक्टर आधी तोच मागतील.